अतिदक्षता विभागातून परतलेल्या रुग्णाचे निगरण-परीक्षण

प्रास्ताविक

न्युमोनिया, सेप्सिस, विषबाधा, अपघात अथवा मोठी शस्त्रक्रिया अशा प्रसंगी ज्यांच्या मुखावाटे श्वासनलिकेत नळी घालून त्यांना कृत्रिम श्वसनयंत्रावर, म्हणजेच व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले, असे रुग्ण बरे होऊन वैद्यांच्या चिकित्सालयात येतात. २०२० व २०२१ या कोविडच्या दोन वर्षांत अशा रुग्णांची मोठी संख्या सर्वांनी पाहिली. सुटी मिळाल्यावर ‘आता शक्ती भरून येण्यासाठी काही द्या’ ही नातेवाइकांची विनंती असते. आपल्यापैकी अनेक जण खाजगी रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागात निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून सेवा करतात. त्यांच्यासमोर तर नळी काढल्याच्या दिवसापासून हा रुग्ण असतो.

अशा रुग्णाचा अग्नी, बल, नाडी व मल यांची परीक्षा वैद्य आवर्जून करतो. परंतु दिलेले द्रव्य कंठातून नेमके कोठे जाते, हे पाहिले जातेच असे नाही. काढा असो, पेज असो, आसव असो की मधातील चूर्ण असो, ते आमाशयात पोहोचेल हे आपण गृहीत धरतो. नळी काढलेल्या रुग्णात हे गृहीतक सर्वस्वी विश्वसनीय नसते. म्हणून अशा रुग्णाला मुखावाटे काहीही योजण्यापूर्वी त्याच्या निगरणाचे, म्हणजे गिळण्याच्या क्रियेचे परीक्षण झालेच पाहिजे, हे प्रतिपादन करण्याचा या पाठाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक संदर्भ

आधुनिक अतिदक्षता विभागाच्या आरंभाशीच निगरणाचा प्रश्न जोडलेला आहे. १९५२ साली डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे पोलिओची भीषण साथ आली. ब्लेगडाम रुग्णालयातील अनेक रुग्णांचे कंठातील स्नायू लुळे पडले होते. स्वतःची लाळसुद्धा गिळता न आल्याने ती त्यांच्या श्वासमार्गात उतरत असे. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत फुगा असलेली नळी बसविली आणि हाताने दाबावयाच्या पिशवीने श्वास देण्याची पद्धत सुरू केली. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने अहोरात्र या पिशव्या दाबल्या. फुग्यामुळे श्वासमार्गाचे बऱ्याच अंशी रक्षण झाले आणि असंख्य रुग्ण वाचले.

यातून घ्यावयाचा बोध असा की, नळी आत असेपर्यंत ती श्वास देते आणि काही प्रमाणात पहाराही करते. ती काढली की पहाऱ्याचे काम पुन्हा रुग्णाच्या स्वतःच्या कंठाकडे येते. आणि तो कंठ नळीमुळेच दुखावलेला, बधिर झालेला व दुर्बल असू शकतो.

प्राकृत निगरण

वाग्भटाने प्राणवायूच्या कर्मांत श्वसनाबरोबरच अन्नप्रवेशाची गणना केली आहे. ही दोन्ही कर्मे एकाच वायूकडे सोपविणे अभ्यासकाने अवश्य लक्षात घ्यावे. कारण कंठाच्या ठिकाणी अन्नाचा व श्वासाचा मार्ग खरोखरच सामाईक आहे. घास मागे सरकताच मृदू तालू वर उचलला जातो, स्वरयंत्र वर व पुढे सरकते, त्यावरील झाकण खाली येते, स्वरतंतू एकमेकांना मिटतात आणि श्वास क्षणभर थांबतो. निरोगी व्यक्तीत हा विराम बहुधा उच्छ्वासाच्या वेळी येतो व गिळल्यानंतरही प्रथम उच्छ्वासच होतो. त्यामुळे चुकून राहिलेला कण आत ओढला न जाता बाहेर ढकलला जातो. मस्तिष्कातून निघणाऱ्या पाच नाड्यांच्या जोड्या या क्रियेत भाग घेतात.

जेवताना बोलू नये, हसू नये व चित्त अन्नाकडे ठेवावे, अतिशय घाईने जेवू नये, असे चरकाचार्यांनी विमानस्थानात आहारविधी सांगताना म्हटले आहे. कंठात अडकलेल्या घासाची चिकित्सा सुश्रुताने शल्यापनयनाच्या प्रकरणात सांगितली आहे. व्हेंटिलेटरची नळी प्राचीनांना ज्ञात नव्हती, तेव्हा या व्याधीचे वर्णन ग्रंथांत शोधत बसणे योग्य नाही. परंतु स्रोतोदुष्टीच्या लक्षणांत चरकाने जे विमार्गगमन सांगितले आहे, तो शब्द येथे उपयोगी पडतो. अन्नवह स्रोतसात जावयाचे द्रव्य प्राणवह स्रोतसात उतरणे, या अर्थाने पुढील विवेचनात विमार्गगमन ही संज्ञा वापरली आहे.

हेतू

नळी काढल्यानंतर निगरण बिघडण्याची सहा प्रमुख कारणे मानली जातात.

१. प्रत्यक्ष इजा : नळी स्वरतंतूंच्या मधून जाते. तिच्या दाबाने शोथ, व्रण व क्वचित स्वरतंतूंची हालचाल मंदावणे हे विकार होतात.
२. स्नायुदौर्बल्य : गंभीर आजारात हातापायांप्रमाणे जिव्हेचे व कंठाचे स्नायूही क्षीण होतात.
३. संवेदनाहानी : स्वरयंत्राच्या अंतस्त्वचेची जाणीव कमी होते. पुढे वर्णिलेल्या मूक विमार्गगमनाचे हे मुख्य कारण होय.
४. चित्तवैकल्य : गुंगीच्या औषधांचा अंमल अथवा भ्रम यांमुळे रुग्णाचे घासाकडे लक्ष नसते.
५. आमाशयातील द्रवाचे ऊर्ध्वगमन : झोपलेल्या अवस्थेत आम्लद्रव कंठापर्यंत येतो.
६. श्वसन व निगरण यांचा ताळमेळ बिघडणे : दम लागलेल्या रुग्णाला गिळण्यापुरताही श्वास रोखता येत नाही.

नळी ४८ तासांपेक्षा अधिक काळ राहणे, नळी पुन्हा घालावी लागणे, मोठ्या व्यासाची नळी, वार्धक्य, पूर्वीचा पक्षाघात आणि जुनाट श्वासविकार यांमुळे धोका वाढतो.

व्याप्ती

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात निरनिराळ्या अभ्यासांतील प्रमाण ३ टक्क्यांपासून ६२ टक्क्यांपर्यंत आढळले. कोणते रुग्ण निवडले, नळी किती काळ होती व परीक्षण कोणत्या पद्धतीने केले, यांनुसार हे अंतर पडते. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९३३ रुग्णांची चाळणी-परीक्षा केली असता १२.४ टक्के रुग्णांत दोष दिसला. पुढे तज्ज्ञांनी ज्यांचे निदान निश्चित केले, त्यांपैकी सुमारे ६० टक्के रुग्णांत रुग्णालयातून घरी जातानाही तो कायम होता. हा दोष असलेल्यांत ९० दिवसांतील मृत्यूचे प्रमाणही अधिक आढळले.

घरी जाताना दोष शिल्लक असणे ही बाब आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. सुटीच्या कागदावर निगरणाचा उल्लेख नसला, म्हणजे निगरण निर्दोष आहे असा त्याचा अर्थ होत नाही. ते तपासलेच गेले नसण्याचाही संभव असतो.

मूक विमार्गगमन

पाणी श्वासमार्गात गेले की ठसका लागतो, हा सर्वांचा अनुभव. ठसका हे संरक्षण आहे. मात्र स्वरयंत्र बधिर झालेल्या रुग्णात द्रव स्वरतंतूंच्या खाली उतरूनही ठसका लागत नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४८ तास अथवा अधिक काळ नळी असलेल्या ४८ रुग्णांचे दुर्बिणीने परीक्षण केले गेले. त्यांपैकी २७ जणांत निगरणदोष होता आणि १२ जणांत, म्हणजे चौघांत एकात, विमार्गगमन पूर्णतः मूक होते.

याचा व्यवहारातील परिणाम समजण्यासाठी अभ्यासापुरते कल्पिलेले एक उदाहरण घेऊ. साठीच्या एक बाई न्युमोनियामुळे सहा दिवस नळीवर होत्या. घरी येऊन आठवडा झाला आहे. सायंकाळी बारीक ताप येतो, आवाज घोगरा आहे, जेवणाला तासभर लागतो, वजन उतरले आहे. ठसका मात्र लागत नाही. वैद्य जीर्णज्वर व अग्निमांद्य असे निदान करून दिवसातून दोन वेळा काढा, पातळ पेज व जेवणानंतर अरिष्ट योजतो. प्रत्येक योजना शास्त्रोक्त दिसते. तथापि ज्वराचे मूळ जर श्वासमार्गात झिरपणारा द्रव हेच असेल, तर औषध देणारा चमचाच व्याधीचा हेतू ठरतो. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी मानणाऱ्या शास्त्राने येथे थबकून विचार केला पाहिजे.

चिकित्सालयातील परीक्षण

(अ) प्रश्नपरीक्षा : पुढील प्रश्न प्रत्येक रुग्णाला व त्याला भरविणाऱ्या नातेवाइकाला विचारावेत. नळी किती दिवस होती? ती काढल्यावर आवाज बदलला का? पाणी पिताना अथवा पिऊन झाल्यावर खोकला, घसा खाकरणे किंवा घशात गुरगुर होते का? जेवणास पूर्वीपेक्षा अधिक वेळ लागतो का? घास तोंडात राहतो का? वारंवार ताप, कफवृद्धी अथवा वजनात घट आहे का?

(आ) दर्शन व श्रवण : रुग्ण पूर्ण जागा आहे का, सरळ बसून मान सावरू शकतो का, स्वतःची लाळ गिळतो की ती ओठांतून गळते, मुद्दाम खोकण्यास सांगितल्यावर खोकल्यात जोर आहे का, हे पाहावे. त्यास ‘आ’ असा दीर्घ उच्चार करावयास लावावा. पाण्यातून आल्यासारखा ओलसर, गुरगुरणारा आवाज हे स्वरतंतूंवर द्रव साचल्याचे लक्षण आहे. यांपैकी काहीही विकृत असल्यास, अथवा दम लागत असल्यास, परीक्षण येथेच थांबवावे. मुखावाटे काही न देता रुग्णास तज्ज्ञाकडे पाठवावे.

(इ) जलपान-परीक्षा : १९९२ साली पक्षाघाताच्या रुग्णांसाठी मांडली गेलेली ही परीक्षा पुढे अन्य रुग्णांतही रूढ झाली. मुख स्वच्छ करून, सरळ बसवून ९० मिली साधे पाणी न थांबता पिण्यास सांगतात. मध्येच थांबावे लागणे, पिताना अथवा त्यानंतर मिनिटभरात खोकला येणे, आवाज ओलसर होणे यांपैकी काहीही घडल्यास परीक्षा अनुत्तीर्ण समजतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ३००० रुग्णांच्या अभ्यासात विमार्गगमन असलेल्यांपैकी ९६.५ टक्के रुग्ण या परीक्षेने पकडले गेले. मात्र ज्यांच्यात विमार्गगमन नव्हते, त्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्णही अनुत्तीर्ण झाले. म्हणून अनुत्तीर्ण होणे हे निदान नव्हे. ती पुढील तपासणीची सूचना आहे.

पाणी ९० मिली का, याचे उत्तर महत्त्वाचे आहे. एखादा चमचा आत गेला तरी बधिर कंठ गप्प राहतो. अधिक द्रव अखंड प्यायल्यावर दडलेला दोष प्रकट होण्याचा संभव वाढतो. सबब ‘दोन घोट पाणी देऊन पाहिले, काही झाले नाही’ हे निर्दोषत्वाचे प्रमाण मानू नये. ही परीक्षा प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीने, खेचयंत्र व प्राणवायूची सोय असलेल्या ठिकाणी करणे श्रेयस्कर. ज्यांना हे शक्य नाही, त्यांनी (अ) व (आ) काळजीपूर्वक करून संशयित रुग्ण पाठविणे पुरेसे आहे.

(ई) टप्प्याटप्प्याची परीक्षा : ऑस्ट्रियातील गुगिंग येथे विकसित झालेली व २००७ साली प्रसिद्ध झालेली २० गुणांची परीक्षा लाळेपासून आरंभ करते, त्यानंतर अर्धघन, मग द्रव व शेवटी घन पदार्थ देते. द्रवाच्या आधी अर्धघन पदार्थ हा क्रम ध्यानात ठेवावा. अतिदक्षता विभागासाठी या परीक्षेची सुधारित आवृत्तीही पुढे तयार झाली.

दोन भ्रम येथे दूर करावेत. घशाला स्पर्श केल्यावर उमासा आला म्हणजे गिळणे ठीक, असे नाही. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत निरोगी व्यक्तींपैकी ३७ टक्क्यांत हा उमासा आढळलाच नव्हता. तसेच बोटाला लावावयाच्या ऑक्सिमीटरवरील आकडा खाली आला नाही, यावरून विमार्गगमन झाले नाही असे ठरत नाही.

निश्चितीची साधने

निश्चित निदान दोन साधनांनी होते. नाकातून बारीक लवचीक दुर्बीण घालून गिळताना कंठ पाहण्याची पद्धत अमेरिकेतील सुझन लँगमोर व सहकाऱ्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केली. ती रुग्णशय्येजवळच करता येते. दुसरी पद्धत बेरियम मिसळलेले पदार्थ गिळताना क्ष-किरण चित्रफीत घेण्याची होय. कान-नाक-घसा तज्ज्ञ व वाचा-उपचारतज्ज्ञ, ज्यांना व्यवहारात स्पीच थेरपिस्ट म्हणतात, हे या परीक्षणाचे अधिकारी होत. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत वाचा व श्रवण या विषयांचे पदवी-शिक्षण दिले जाते. आपल्या जिल्ह्यात असे तज्ज्ञ कोठे आहेत, याची टिपण प्रत्येक वैद्याने जवळ ठेवावी.

नळी काढल्यानंतर पहिल्या काही तासांत दिसलेला दोष पुष्कळदा दुसऱ्या दिवशी कमी होतो. म्हणून रुग्णालयात काम करणाऱ्यांनी एकदा अनुत्तीर्ण झालेल्या रुग्णाचे परीक्षण पुन्हा करावे. अनेक रुग्ण पूर्ण बरे होतात. काहींत मात्र दोष काही महिने राहतो.

आहारकल्पना : क्रमाचा फेरविचार

अग्नीचा विचार करता मंड, पेया, विलेपी हा क्रम लघुत्वाकडून गुरुत्वाकडे जातो. निगरणाच्या दृष्टीने हाच क्रम बहुधा उलट करावा लागतो. मंड पूर्णतः पातळ असल्याने कंठ मिटण्यापूर्वीच खाली धावतो. पेयेत पातळ द्रव व सुटे भातकण दोन्ही असतात. कण चघळले जात असताना द्रव पुढे निसटतो. एकजीव घोटलेली विलेपी हळू सरकते, म्हणून अनेक रुग्णांना ती अधिक सोयीची पडते. मात्र स्नायू फार दुर्बल असल्यास घट्ट पदार्थ कंठात साचून नंतर खाली घसरतो, आणि केवळ घट्ट द्रवांवर ठेवलेल्या रुग्णाच्या शरीरात पाणी कमी पडू शकते. यास्तव कोणता दाटपणा योग्य, हे तज्ज्ञाच्या परीक्षणानंतरच ठरवावे.

दाटपणा मोजण्याची सोपी रीत आंतरराष्ट्रीय आराखड्यात दिलेली आहे. १० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढून, तोंड बोटाने बंद करून ती १० मिलीपर्यंत भरावी. बोट काढून १० सेकंदांनी पुन्हा बंद करावे. आत १ मिलीहून कमी राहिल्यास द्रव पाण्यासारखा पातळ, १ ते ४ राहिल्यास किंचित दाट, ४ ते ८ राहिल्यास सौम्य दाट व ८ हून अधिक राहिल्यास मध्यम दाट समजावा. या चाचणीसाठी १० मिलीच्या मापपट्टीची लांबी ६१.५ मिलिमीटर असलेलीच सिरिंज घ्यावी. पेज गार होताच घट्ट होते, तर उष्टा चमचा वारंवार बुडविल्यास लाळेमुळे पुन्हा पातळ होते. म्हणून ज्या उष्णतेला द्यावयाची त्याच उष्णतेला मोजावी व वाढून घेतलेला भाग वेगळा ठेवावा.

औषधयोजना व औषधविक्रेत्यांसाठी सूचना

१. निगरण तपासले जाईपर्यंत काढा, आसव व अरिष्ट मुखावाटे देऊ नयेत. ही सर्व पातळ द्रव्ये आहेत.
२. कोरडे चूर्ण तोंडात टाकण्यास सांगू नये. ते उडून श्वासाबरोबर आत जाते. मधातील चाटणही कंठात चिकटून राहू शकते.
३. स्नेहपान, तैलगंडूष व नस्य निगरण निर्दोष ठरेपर्यंत वर्ज्य समजावेत. तेल व तूप श्वासमार्गात उतरताना खोकला फारसा उत्पन्न करीत नाहीत आणि फुफ्फुसात साचून दाह निर्माण करतात.
४. गोळी गिळता येत नाही म्हणून ग्राहक ती कुटून मागत असेल, तर विक्रेत्याने त्याचे कारण विचारावे. ही तक्रार स्वतःच निगरणदोषाचे लक्षण असू शकते. हळूहळू विरघळणाऱ्या आवरणयुक्त आधुनिक गोळ्या कुटून देऊ नयेत.
५. नाकातून पोटात नळी असलेल्या रुग्णाच्या नळीतून चूर्ण देऊ नये, नळी तुंबते. कोणतेही औषध त्या मार्गाने देण्यापूर्वी उपचार करणाऱ्या रुग्णालयाशी बोलावे. नळी असताना ‘चवीपुरते’ मुखावाटे देण्याचा आग्रह नातेवाइकांनी धरू नये, हे समजावून सांगावे.
६. दिवसातून दोन वेळा दात व जीभ स्वच्छ करण्यावर भर द्यावा. विमार्गगमन झालेच, तर मुखातील जंतू कमी असणे हिताचे ठरते.
७. जेवताना व त्यानंतर किमान अर्धा तास रुग्णास सरळ बसवावे.

श्वास लागणे, ओठ निळे पडणे, श्वास घेताना घरघर अथवा शिट्टीसारखा आवाज येणे, वाढता ताप यांपैकी काहीही दिसल्यास विलंब न लावता रुग्णालयात पाठवावे.

सारांश

नळी किती दिवस होती, हा प्रश्न अतिदक्षता विभागातून परतलेल्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर पहिल्या ओळीत असावा. ठसका नसणे हे निर्दोष निगरणाचे प्रमाण नाही. ओलसर आवाज, लांबलेले जेवण, घटते वजन व कारण न सापडणारा ताप ही चार लक्षणे एकत्र दिसल्यास प्रथम विमार्गगमनाचा संशय घ्यावा आणि औषधाची चिठ्ठी लिहिण्यापूर्वी तज्ज्ञांच्या नावे पत्र लिहावे. वैद्याची योजना कितीही उत्तम असली तरी ती आमाशयात पोहोचली तरच औषध ठरते.

स्वाध्याय

१. नळी काढल्यानंतर निगरणदोष उत्पन्न करणारे सहा हेतू लिहा.
२. मूक विमार्गगमन म्हणजे काय? त्यात ठसका का लागत नाही?
३. जलपान-परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या रुग्णास विमार्गगमन आहेच, असे का म्हणता येत नाही?
४. मंड, पेया व विलेपी यांचा विचार अग्नी व निगरण अशा दोन्ही दृष्टींनी करा.
५. आपल्या चिकित्सालयात अथवा दुकानात गेल्या वर्षभरात आलेल्या अशा रुग्णांपैकी किती जणांना नळीविषयी विचारले गेले, याची नोंद तपासा.